रफूवाल्या वन्संचे डोळे

मंगळवार, ९ फेब्रुवारी. नळाला पाणी उशिरा आले. गॅसवाला आला नाही. वन्संना आज इन्सुलिन सुरू झाले. सकाळची सुई दवाखान्यातल्या नर्सने टोचली, संध्याकाळची त्यांनी घरी स्वतः टोचून घेतली. दुपारी लाँड्रीवाला एक राखाडी कोट टाकून गेला. आभाळ स्वच्छ.

रोजनिशीची सवय मला शाळेतल्या सिस्टरांनी लावली. घडले तेवढेच वहीत लिहायचे आणि वाटले ते देवाला सांगायचे, असा त्यांचा नियम होता. तो मी आजवर पाळला आहे. पण वन्संची हकिगत चार ओळींत मावणारी नाही, म्हणून ती इथे वेगळी लिहीत आहे.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. त्यांनी लग्न केले नाही. कुणी कारण विचारले तर म्हणायच्या, "जगाची फाटकी कापडं सांधत बसले, स्वतःचं बघायला सवड झाली नाही." मग विचारणाऱ्याच्या शर्टाच्या कॉलरकडे असे रोखून बघायच्या की तो विषय बदलायचा.

वन्सं रफू करतात. हल्ली हे काम पाहिलेली माणसे कमी, म्हणून सांगते. गरम कपड्याला भोक पडले की शिंपी ठिगळ लावतो. रफू करणारा ठिगळ लावत नाही. तो त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे उपसून घेतो आणि भोकाच्या जागी एकेक उभा, एकेक आडवा धागा घालून कापड पुन्हा विणतो. मूळ विणीत दोनावर एक असेल तर दोनावर एक, तिरपी असेल तर तिरपी. धागे केसासारखे. वन्सं हे काम त्यांच्या वडिलांकडून, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडून शिकल्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचे बुटके टेबल आहे. उजव्या हातात सुई, डाव्या हाताची तर्जनी कापडाखाली. सुई कुठून वर येणार हे डोळ्यांना दिसण्याआधी त्या तर्जनीला कळते. "हे बोट म्हणजे माझं अर्धं दुकान," असे त्या म्हणतात. उरलेले अर्धे दुकान म्हणजे डोळे.

तर गोष्ट या दोन अर्ध्यांची आहे.

आदल्या वर्षी वन्संचा चष्मा सुटला. साठी ओलांडली की माणसांचा नंबर वाढतो, यांचा चष्माच सुटला. एके दिवशी काम करता करता त्यांनी तो काढून ठेवला आणि सुई ओवली. पुन्हा ओवली. मग मला हाक मारली आणि माझ्यासमोर तिसऱ्यांदा ओवली. त्यानंतर काही महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. लाँड्रीवाला हा वन्संचा बांधलेला माणूस, वस्तीतले सगळे फाटके गरम कपडे त्याच्या दुकानातूनच आमच्याकडे येतात. तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटला की आमच्या मावशींचे डोळे परत तरणे झाले. वन्सं वरकरणी म्हणायच्या, उगीच बोंब मारू नकोस. पण कुणी बघायला आले की सर्वांत बारीक सुई डबीतून काढायच्या.

लांबचे मात्र दिसेना. रस्त्यापलीकडून कुणी हात केला तर त्या ओळख द्यायच्या नाहीत. मी टोकले की म्हणायच्या, "ओळख द्यावी असं माणूस तरी असायला हवं." एकदा दारातून पोस्टमनला त्यांनी चांगलेच फैलावर घेतले, मोरीचा नळ अजून गळतो म्हणून. तो बिचारा पत्र हातात घेऊन ऐकत राहिला. प्लंबरची आणि त्याची उंची सारखी, असे त्यांचे म्हणणे. आम्ही दोघी त्यावर पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

त्याच सुमारास वन्सं वाळत चालल्या होत्या. कपडे ढगळ व्हायचे, त्या शिवणी आत घ्यायच्या. टेबलावरचा पाण्याचा तांब्या मी भरून ठेवायची आणि वळून बघते तो रिकामा. मधुमेहाच्या गोळ्या त्यांना पुष्कळ वर्षे चालू होत्या, पण आठवण झाली तर घ्यायच्या अशा. थकवा वयाचा, तहान उन्हाची आणि डोळे देवाच्या कृपेचे, अशी वाटणी त्यांनी करून टाकली होती.

मग सुई लागली. रफूवालीला सुई लागणे म्हणजे स्वयंपाकिणीला चटका बसणे, त्याचे काय कौतुक. पण डाव्या तर्जनीच्या टोकावरचा तो टोचा बुजेना. आठवडे गेले, मलम झाले, पट्ट्या झाल्या, बोट लालचे निळसर झाले आणि दाबले की पू यायचा. कापडाखाली ते धरवेना. तेव्हा कुठे त्या माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, बोलायला तुटक, पण रोग्याकडे बघून बोलणाऱ्या. त्यांनी रक्त तपासले आणि सांगितले की साखर इतकी चढली आहे की जखम भरायला शरीरात बळच उरलेले नाही. गोळ्यांचे दिवस गेले, आता इन्सुलिन. नाही घेतले तर बोटाचे टोक हातचे जाईल.

वन्सं उठून उभ्या राहिल्या. "माझ्या वडिलांचे डोळे इन्सुलिननं गेले," एवढेच म्हणाल्या.

हे खरे होते, म्हणजे घरात तसेच सांगितले जात असे. सासऱ्यांना शेवटच्या काळात इन्सुलिन सुरू केले आणि वर्षभरात ते आंधळे झाले. त्यानंतरही ते रोज टेबलाशी येऊन बसायचे. लेकीने केलेल्या कामावरून नुसते बोट फिरवायचे आणि सांगायचे, इथे एक धागा चुकला. वन्संनी हे उमेदीच्या वयात रोज पाहिले होते. त्यामुळे त्यांच्यापुढे खरा सवाल असा होता: इन्सुलिन घेतले तर डोळे जाणार, नाही घेतले तर बोट जाणार. आणि कुठलेही अर्धे दुकान गेले की उरलेले अर्धे काय कामाचे?

शेवटी बोटाचे दुखणे जिंकले. ९ फेब्रुवारीला पहिली सुई झाली. सुईला त्या भ्यायल्या नाहीत, हे सांगायलाच हवे. नर्स पोटावर कुठे आणि कसे टोचायचे ते शिकवू लागली. रोज जागा थोडी थोडी बदला, एकाच ठिकाणी टोचत राहिलात तर गाठ होते, असे म्हणाली. वन्सं म्हणाल्या, "कापडाचंही तसंच गं बाई. एका जागी सारखी सुई घातली की तिथंच विरतं." नर्स हसली आणि पुढचे शिकवणे तिने आटोपते घेतले.

आठवड्याभरात बोट सुकू लागले. सूज उतरली, पू थांबला. तांब्या दुपारपर्यंत पुरू लागला. मी मनात म्हटले, सुटलो.

आणि त्याच आठवड्यात डोळे गेले.

सकाळची वेळ, खिडकीतून चांगला उजेड. वन्सं सुई ओवत होत्या. धागा नेढ्यात न जाता बाजूने गेला. त्यांनी टोक ओले केले, पुन्हा चुकले. म्हणाल्या, हल्ली धागाच रद्दी येतो. धागा बदलला. मग सुई बदलली. मग टेबल खिडकीच्या आणखी जवळ ओढले. मग हात मांडीवर ठेवून बसल्या. समोर तो राखाडी कोट होता. लाँड्रीवाल्याच्या इस्त्रीने खिशाच्या वर नखाएवढा जळला होता. तो इथल्या शाळेच्या एका निवृत्त हेडमास्तरांचा, आणि महिनाअखेर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. लाँड्रीवाल्याने त्यांना छातीठोकपणे सांगून ठेवले होते की जळल्याचा मागमूस राहणार नाही, आमच्या मावशी आहेत.

पुढचे दिवस वाईट गेले. जुन्या चष्म्यानेही भागेना, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून मी एक तयार चष्मा आणून दिला. त्याने भाजी निवडता येई, पण ती बारीक वीण दिसेना. वन्सं एका शब्दाने मला किंवा डॉक्टरीणबाईंना बोलल्या नाहीत. तेच मला जास्त लागले. लाँड्रीवाला रोज डोकवायचा. त्याला त्या सांगायच्या, रंगाचा धागा जुळवते आहे. त्यांना इन्सुलिन चालू आहे हे त्याला काय, कुणालाच ठाऊक नव्हते. सांगायचे नाही, अशी मला ताकीद होती.

मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर वन्सं सुई ओवून बसल्या होत्या. चष्मा बाजूला. "दिसतंय," म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. दोन दिवसांत त्यांनी कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे उपसून पांढऱ्या कागदावर ओळीने लावले. लाँड्रीवाला आला तेव्हा त्याच्यादेखत पुन्हा एकदा सुई ओवून दाखवली. तो इतका खूश झाला की जाताना माझ्याही पाया पडला. मीही त्या दिवशी आनंदात होते. पुढच्या खोलीत झाडू मारता मारता शाळेतले गाणे गुणगुणले.

दुपारी पाण्याचा तांब्या उचलला तर रिकामा. भरला. काही वेळाने पाहते तो पुन्हा रिकामा. मग माझे लक्ष त्यांच्या बोटाकडे गेले. सुकलेल्या बोटाला पुन्हा पट्टी होती आणि पट्टी ओली होती.

मी विचारले, "वन्सं, सुई टोचता ना?"

त्यांनी मान वर केली नाही. हातातला धागा पुरता ओढून घेतला आणि मग म्हणाल्या, "सोडलं. कोट होईपर्यंत सोडलं. वहिनी, तू शिकलेली आहेस, तूच सांग. घेतलं तेव्हा डोळे गेले. सोडलं, डोळे आले. यात माझं काय चुकलं?"

जे घडले ते मीही डोळ्यांनी पाहिले होते. घडले तेवढेच लिहायचे म्हटले असते तर माझ्या वहीनेही त्यांचीच बाजू घेतली असती. मी एवढेच म्हटले की बोट सडते आहे. त्या म्हणाल्या, "ते मला दिसतंय. दिसतंय हेच तर म्हणते मी."

दवाखान्यात जायला त्या तयार झाल्या, पण माझे ऐकून नव्हे. डॉक्टरीणबाईंना तोंडावर सांगायचे, म्हणून. कोट पिशवीत घालून पुरावा बरोबर घेतला. दवाखान्यात आमची पाळी आल्यावर त्यांनी पिशवीतून कोट काढला, डबीतून बारीक सुई काढली, बाईंच्या टेबलावर ओवली आणि मग सगळी हकिगत सांगितली. कुणाची तक्रार करावी तशी नाही. वकील बाजू मांडतो तशी, एकेक.

बाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सुई छान ओवलीत. आता त्या भिंतीवरची अक्षरं वाचा."

भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. वन्संनी वरचे मोठे अक्षर वाचले. खालची ओळ वाचली, ती निम्मी चुकली. त्याखाली काही आहे हेच त्यांना दिसत नव्हते. मी चष्म्यातून शेवटून दुसरी ओळ वाचत होते.

"चष्मा सुटला कधी?" बाईंनी विचारले.

"गेल्या साली."

"आणि तहान कधीपासून?"

मी वन्संकडे पाहिले. इतके दिवस वेगवेगळ्या खणांत ठेवलेल्या गोष्टी त्या एकत्र लावत होत्या: सुटलेला चष्मा, आत घेतलेल्या शिवणी, तांब्या, पोस्टमन.

बाईंनी सांगितले ते मला समजले तसे लिहिते. डोळ्यात एक भिंग असते. रक्तात साखर साठली की त्या भिंगात पाणी शिरते आणि ते फुगते. फुगलेल्या भिंगाला जवळचे छान दिसते, लांबचे पुसट होते. वन्संचे डोळे तरणे झालेच नव्हते, ते फुगले होते. इन्सुलिनने साखर खाली आणली, भिंग ओसरू लागले, म्हणून जवळचे पुसट झाले. इन्सुलिन सोडले, साखर चढली, भिंग पुन्हा फुगले. "इन्सुलिननं डोळे घेतले नाहीत," बाई म्हणाल्या. "साखरेनं एक खोटा चष्मा दिला होता, तो इन्सुलिननं परत घेतला. महिना-दोन महिने जातील. साखर एका जागी ठरली की भिंगही ठरेल. मग नंबर काढून खरा चष्मा करा. आत्ता नंबर काढू नका, फुकट जाईल."

वन्संनी विचारले, "आणि माझे वडील?"

"मी त्यांना पाहिलेलं नाही. पण इन्सुलिन त्या काळी अगदी शेवटी देत. तोवर साखरेनं डोळ्याचा मागचा पडदा खाल्लेला असे. इन्सुलिन उशिरा आलं आणि आळ त्याच्यावर आला, असं पुष्कळ घरांत झालंय." मग त्यांनी थेंब घालून वन्संचे डोळे तपासायला शेजारच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. तिथे कळले की मागच्या पडद्यावर दोन-चार ठिपके आहेत. सुरुवात आहे, पण हाताबाहेर गेलेले काही नाही. दर काही महिन्यांनी दाखवायचे आणि साखर सांभाळायची.

बाहेर बाकावर वन्सं कोट मांडीवर घेऊन बसल्या. थेंबांमुळे त्यांना लांबचे, जवळचे काहीच नीट दिसत नव्हते. कोटावरून हात फिरवत म्हणाल्या, "ओल्या लोकरीचं माप आम्ही कधी घेत नाही. वाळू देतो, मग घेतो. मी ओल्या डोळ्यांनी वर्षभर काम केलं आणि वर मिरवलंसुद्धा." आणि मग स्वतःशीच हसल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी सुई टोचून घेतली. मला बोलावले नाही, लपवलेही नाही. पुढच्या खोलीत, टेबलाशी बसून.

पण माझ्या मते वन्संची खरी छाती दुसऱ्या दिवशी दिसली. त्या स्वतः लाँड्रीत गेल्या. मी पाठीमागे. लाँड्रीवाल्याला म्हणाल्या की हेडमास्तरांना बोलावून घे. तो म्हणाला, "मावशी, काम झालं का?" त्या म्हणाल्या, "बोलाव तर." हेडमास्तर जवळच राहायचे, आले. उंच, कडक, कानात केस. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकेही होती. सगळ्यांसमोर वन्संनी कोट काउंटरवर पसरला आणि सांगितले, "मला मधुमेह आहे. इन्सुलिन चालू केलंय. डोळे जागेवर यायला महिना-दोन महिने लागतील. तोवर मी या कोटाला सुई लावणार नाही. लावली तर होईल, पण ते माझं काम नसेल."

लाँड्रीवाल्याचा चेहरा पडला. बसस्थानकाजवळ एकजण आहे, तो दोन दिवसांत करून देतो, असे तो पुटपुटला. वन्सं म्हणाल्या, "दे ना. फक्त नंतर मला दाखवायला आणू नकोस, माझी साखर चढेल."

हेडमास्तर रागावले. मेळाव्याला मी काय घालू, म्हणाले. वन्संनी शांतपणे सांगितले की हाच घाला आणि भोकावर हात ठेवा. भाषण करताना छातीवर हात ठेवलेला बरा दिसतो. गिऱ्हाइकांत हशा पिकला. त्यावर हेडमास्तर म्हणाले, "चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, काम येत नसेल त्या दिवशी तसं सांगा. कुणी सांगितलं नाही. तुम्ही पहिल्या." कोट घेऊन गेले. मेळाव्यात ते पूर्णवेळ छातीवर हात ठेवून बसले आणि दोघांनी त्यांना विचारले की सर, छातीत दुखतंय का, असे लाँड्रीवाल्याने नंतर येऊन सांगितले.

मधले दिवस टेबलावर कापड टाकलेले होते. रिकामे बसणे वन्संना जमत नाही, म्हणून त्या बाल्कनीत बसू लागल्या. आणि बसल्या बसल्या त्यांना हळूहळू रस्ता दिसू लागला. आधी पलीकडची दारे, मग माणसे, मग माणसांचे चेहरे. एके सकाळी त्यांनी समोरच्या रंगाच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचली आणि पाटीवरचा फोन नंबरही वाचला. मग सगळ्यांचा समाचार सुरू झाला. कोण जाड झाले, कुणी केस रंगवले, कुणाच्या पँटीची शिवण उसवली आहे. आत येऊन मला निरखून म्हणाल्या, "वहिनी, तू किती म्हातारी झालीस गं. मला कुणी काही बोललं नाही."

अंगही भरले. आत घेतलेल्या शिवणी त्यांना एकेक करून उसवाव्या लागल्या. ते काम त्यांनी तयार चष्मा लावून केले आणि दर शिवणीला म्हणाल्या, ही दिवाळीची, ही पावसाळ्यातली. रात्री लघवीला उठणे बंद झाले. बोट भरले, टोकावर फक्त एक गुळगुळीत पांढरा ठिपका राहिला. एकदा मात्र घोटाळा झाला. जेवायची वेळ टळून गेली आणि वन्सं माझ्यावर कशावरून तरी भयंकर चिडल्या. चिमटे कुठे ठेवलेस, असे काहीतरी. बोलता बोलता त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर खाली गेली की असे होते हे नर्सने सांगून ठेवले होते. मी साखरेचे पाणी दिले, वन्सं भानावर आल्या आणि चिमटे त्यांच्याच खिशात निघाले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: वन्सं रागावल्या की आधी तोंडात साखर, मग भांडण. बहुतेक वेळा भांडण उरत नाही. जेवण मात्र त्या आता घड्याळावर घेतात.

डॉक्टरीणबाईंनी हो म्हटल्यावर चष्मा केला. चांगला जाड, काळ्या काड्यांचा. तो घालून वन्संनी आरशात पाहिले आणि म्हणाल्या, "बाबा दिसतात." मग टेबलावरचे कापड उचलले आणि हेडमास्तरांचा कोट आणायला लाँड्रीवाल्याला निरोप पाठवला.

तो राखाडी कोट त्यांनी खूप सावकाश केला. आधी डाव्या तर्जनीने ती जागा कितीतरी वेळ चाचपून पाहिली. त्या भरलेल्या बोटाला पूर्वीसारखे कळते का, याची धास्ती होती. ती मला दिसत होती. मग पहिला धागा घातला. उभे धागे झाले, आडवे सुरू झाले. दुपारी ऊन चढले की थांबायचे, सकाळी पुन्हा. शेवटचा धागा घालून मागून कापला, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि त्या जागेवरून बोट फिरवले. एकदा उभे, एकदा आडवे. कोट माझ्याकडे सरकवला. मी सगळीकडून बघितला आणि खरे सांगते, जळलेली जागा मला सापडली नाही. शाळेत आम्हाला शिवणकामात बक्षिसे मिळत. मला ठाऊक आहे चांगले काय असते. हे त्याच्या पलीकडचे होते.

कोट द्यायला आम्ही तिघेही हजर होतो, लाँड्रीवाला, वन्सं आणि मी. हेडमास्तर आले, कोट अंगात घातला, बटणे लावली आणि गुडघ्याच्या दुखण्याबद्दल बोलू लागले. डाव्या गुडघ्याचे सविस्तर झाले, उजव्याचे सुरू झाले. लाँड्रीवाला कासावीस होऊन म्हणाला, "सर, अहो, बघा तरी!"

"काय बघू?" हेडमास्तर म्हणाले. भोक पडले होते हे त्यांच्या डोक्यातूनच गेले होते.

मी वन्संकडे पाहिले. मला वाटले, त्या खट्टू होतील. त्या काउंटरला टेकून, नव्या चष्म्यातून त्या कोटाकडे नाही तर हेडमास्तरांच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि इतक्या समाधानाने की त्यांनी उजव्या गुडघ्याचेही सगळे ऐकून घेतले. निघताना हेडमास्तरांनी हळूच विचारले की त्यांच्या पत्नीलाही इन्सुलिन सांगितले आहे, ती डोळ्यांच्या भीतीने घेत नाही, तुम्ही याल का बोलायला? वन्सं म्हणाल्या, "मी नाही येणार. त्यांनाच पाठवा माझ्याकडे. येताना एखादं फाटकं घेऊन यायला सांगा. बसून बोलू."

घरी येताना त्या माझ्या पुढे चालत होत्या. रस्त्यापलीकडून पोस्टमनने हात केला. वन्संनी हात वर केला आणि त्याला नाव घेऊन हाक मारली.

त्या दिवशी रात्री वहीत लिहिले: फ्रिज पुसला. इतके दिवस भाजीमागे असलेल्या वन्संच्या इन्सुलिनसाठी मधला कप्पा मोकळा केला, लोणी आणि अंडी खाली हलवली.